बिनडोळ्याचा डबा

दिग्रसला ज्यांनी कधीकाळी हातापायाचा, छातीचा एक्स-रे काढला असेल, त्यांतल्या कुणालाही उकंडा मनवर आठवणार नाही. डॉक्टरसाहेब आठवतील. ‘श्वास रोका, हलू नका’ म्हणणारा देवीलाल आठवेल. पण मशीनच्या खोलीला लागून काळ्या दाराची एक कोंदट खोली होती, तिच्यात तीस वर्षं उभा राहून सगळ्या फिल्मा धुणारा माणूस कुणी पाहिलाच नाही. दार किलकिलं व्हायचं, एक हात बाहेर यायचा, त्या हातात क्लिपला लटकलेली ओली फिल्म असायची, आणि दार पुन्हा बंद. तो हात उकंडाचा.

त्याच्या आधीची दोन लेकरं महिन्याभरातच गेली होती. हा झाला तेव्हा आजीनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं, परत उचलून आणलं आणि उकंडा नाव ठेवलं. टाकलेल्या पोराकडं मरण वळून पाहत नाही, असा तिचा हिशेब. बाप दीक्षा घेतलेला, चिडला म्हणतात. “हे सोडलं ना आपण सारं?” पण नातवाच्या जिवापुढं म्हातारी ऐकेना. पोरगा जगला आणि नावही राहिलं.

आठवीत शाळा सुटली. एकोणिसाव्या वर्षी तो डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात झाडूपोछ्याला लागला. चारेक महिन्यांनी डार्करूमचा माणूस काम सोडून अमरावतीला गेला. डॉक्टरांनी उकंडाला बोलावून विचारलं, “अंधाराचं भेव वाटते का?” तो म्हणाला, “नाही.” एवढ्यावर त्याची नेमणूक झाली. लाल दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात फिल्म कॅसेटमधून काढायची, क्लिपांना लावायची, डेव्हलपरच्या टाकीत बुडवायची, मनात आकडे मोजायचे, मग पाण्यातून चित्र पक्कं करणाऱ्या हायपोच्या टाकीत, मग परत पाण्यात. त्याची बोटं बारा महिने पिवळसर असत आणि अंगाला आंबूस वास येई. घरी जेवायला बसला की आई म्हणायची, हात धू. ते धुतलेलेच असायचे.

पहिल्याच वर्षी एकदा फिल्मा धुकट यायला लागल्या. डॉक्टर तापले. देवीलालनं हात वर केले. उकंडा दार लावून, लाल दिवाही मालवून, पूर्ण अंधारात उभा राहिला आणि पाहतो तर समोरच्या भिंतीवर बाहेरचा रस्ता उलटा पडलेला. वर सडक, खाली आभाळ, आणि एक सायकलवाला डोकं खाली करून चाललेला. दाराला खिळ्याचं एक बारीक भोक होतं, समोरच्या उघड्या खिडकीतला रस्ता त्यातून आत येत होता. तो किती वेळ पाहत राहिला कुणास ठाऊक. शेवटी डॉक्टरांनी दार वाजवलं तेव्हा त्यानं भोकावर काळा कागद चिकटवला आणि रस्ता विझला.

लग्न झालं ते केळापूरकडच्या पंचफुलाशी. सावळी, उंच आणि हसायला लागली की तीन घरांपलीकडं ऐकू जाईल अशी. उकंडा अबोल, म्हणून घरातलं बोलणं तिनंच दोघांचं करून टाकलं. ती जिनिंगमध्ये जाई. संध्याकाळी सगळ्या बाया रुईनं पांढऱ्या होऊन बाहेर पडत. भुवयांवर, ओठांवर, केसांत कापूस. त्यामुळं तिच्या ओठाच्या कोपऱ्यातला पांढरा ठिपका पहिले काही महिने कुणाच्या लक्षातच आला नाही. आंघोळ करूनही तो जाईना तेव्हा तिनं आरशात पाहिलं. तेव्हा साधना तीन वर्षांची होती आणि संघर्ष अंगावर पीत होता.

मलम झालं, बावचीचं तेल झालं, पुसदचा एक वैद्य झाला. ठिपक्याचा डाग झाला, डाग डोळ्यांभोवती चढला, गळ्यावरून हातांवर उतरला. जिनिंगमधल्या बायांपैकी तिला कुणी काही म्हटलं नाही. फक्त माठावरचा तिचा गिलास वेगळा झाला. एक दिवस तिनं तो गिलास घरी आणला आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला गेली नाही.

मग तिच्या भाच्याच्या लग्नात ते झालं. घरच्या माणसांचा फोटो निघत होता. पंचफुला नवं लुगडं नेसून भावजयीशेजारी उभी होती. फोटोवाल्यानं दोनदा कॅमेऱ्यातून पाहिलं आणि म्हणाला, “मावशी, तुमी जरा बाजूले व्हा. तुमच्या तोंडावर लाईट चमकून राह्यला.” ती बाजूला झाली. भावजयही काही बोलली नाही, आणि उकंडा तिथंच मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, तोही बोलला नाही. त्यानंतर पंचफुला कोणत्याही कॅमेऱ्यासमोर आली नाही. साधनाच्या लग्नातही अल्बमभर ती कुठं नाही. पोरीच्या सासरी सांगितलं होतं की आई लहानपणी भाजली, म्हणून ती मंडपाच्या मागे स्वयंपाकाकडंच राहिली. आधार कार्डासाठी तेवढं तिला बसावं लागलं. ते कार्ड तिनं लुगड्याच्या घडीत खाली ठेवून दिलं.

दवाखान्यात कॉम्प्युटरचं मशीन आलं तेव्हा उकंडाचं काम संपलं. डॉक्टरांनी त्याला वाईट वागवलं नाही. म्हणाले, “उकंडा, हे सारं आता भंगारात जाईल. तुला काही पाहिजे तर ने.” त्यानं फिल्मचा अर्धा डबा, उरलेल्या पावडरी, लाल दिवा, दोन थाळ्या आणि फिल्म पाहायची उजेडाची पेटी नेली. पंचफुला म्हणाली, “हे कायले आणलं? घर का दवाखाना हाय?” महिनाभर तो सकाळी साडेनऊला तयार होऊन ओट्यावर बसायचा आणि दुपारी उठून आत जायचा.

एका रात्री जेवताना तो आपणहून बोलला, हीच मोठी गोष्ट.

“तीस वर्षं लोकायनं काढलेलं धुतलं म्या. सोता एक बी फोटो नाही काढला.”

“मंग काढा की. कोण नाही म्हणते?”

त्याला ते दाराचं भोक आठवलं होतं. त्यानं बिस्किटाचा चौकोनी पत्र्याचा डबा घेतला, आतून शाळेच्या फळ्याचा काळा रंग दिला. एका बाजूला चौकट कापून तिथं कोल्ड्रिंकच्या डबीचा पत्रा बसवला आणि पंचफुलाच्या शिवणाच्या सुईनं त्याला भोक पाडलं. काचपेपरनं घासून त्याची कड मऊ केली. भोकावर काळी चिकटपट्टी लावली, तेच त्याचं झाकण. आत, भोकासमोर, फिल्मचा तुकडा. न्हाणीघराला गोधड्या लावून त्याची डार्करूम झाली.

पहिल्या चार फिल्मा कोळशासारख्या काळ्या आल्या. झाकणाच्या फटीतून उजेड शिरत होता. फट बुजवली. पाचवीत काहीतरी दिसलं. त्यानं ती पेटीवर लावली. उलट्या रंगांत समोरचा लिंब उभा होता. आभाळ काळं, पानं पांढरी. उकंडानं पंचफुलाला हाक मारली तेव्हा त्याचा आवाज फाटला.

“लिंब हाय हा,” ती वाकून म्हणाली. “अन रस्त्यानं ते बकऱ्यावाले चालले होते, ते कुठी गेले?”

“चालणारे नाही येत. डबा हळू पाह्यते. जे थांबते तेवढंच उमटते.”

तिला ते पटलं. पुढं तो डबा घेऊन निघाला की ती सुचवू लागली. आज विहाराची कमान घ्या. आज जिनिंगचं फाटक घ्या, पण पाळी सुटायच्या वेळी. त्यानं घेतलं. पाळी सुटली, शंभर बाया फाटकातून बाहेर पडल्या आणि फिल्मवर फक्त फाटक आलं आणि जमिनीलगत धुरासारखं काहीतरी. पंचफुलानं ती फिल्म पुष्कळ वेळ हातात धरली.

माघातली गोष्ट. ती ओसरीवर सुपात तुरीची डाळ निवडत होती. उकंडा डब्यात फिल्म भरून बाहेर आला, तर सूप बाजूला ठेवून म्हणाली, “माहा काढा.”

त्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

“काय पाह्यता? म्हटलं माहा फोटो काढा. याले डोया नाही ना. काच नाही. मले पाहून हा मांगं सरणार नाही.” मग हळू म्हणाली, “पण कोणाले दाखवाचा नाही. पोराले नाही, पोरीले बी नाही.”

“नाही दाखवत.”

“कबूल?”

“कबूल म्हणतो ना वं.”

त्यानं डबा दोन विटांवर ठेवला. ओसरीत सावली होती, तीन मिनिटं तरी लागणार होती. तिनं पदर डोक्यावरून मागे सारला. कानामागं केस नीट केले. उकंडानं चिकटपट्टी काढली आणि जे शब्द तीस वर्षं दाराआडून ऐकले होते ते जन्मात पहिल्यांदा स्वतः म्हणाला, “हलू नको.” तो डब्यामागं उकिडवा बसला होता. ती त्याच्याकडं पाहत राहिली. त्यानं आकडे मोजायला सुरुवात केली आणि साठाच्या पुढं कुठंतरी ते चुकले. इतकी वर्षं एका घरात राहून, ती बोलते तेव्हा तो खाली पाहायचा, आणि डाग चढले तसा जास्तच खाली पाहायला लागला होता. तिला वाईट वाटू नये म्हणून, असं तो स्वतःला सांगायचा. आता खाली पाहता येईना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं पापणी हलवली नाही.

त्या वर्षी नळ आठ दिवसांआड होता. फिल्म वाहत्या पाण्यात अर्धा तास धुवावी लागते, नाहीतर आत राहिलेला हायपो तिला पुढं खातो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. त्यानं अर्ध्या बादलीत हिसळली आणि वाळत घातली.

पेटीवर पंचफुला आली ती उलटी. सावळा चेहरा उजळ, आणि ओठांभोवती, डोळ्यांभोवती, गळ्यावर काळे डाग. ती चेहरा जवळ नेऊन पाहत राहिली, आणि एकदम हसली. खूप वर्षांनी, पहिल्यासारखी.

“पहा, यात बाकीच्या आंगाले कोड झालं अन माहे डाग चांगले राह्यले!”

कोड हा शब्द तिनं स्वतःच्या तोंडानं कधी उच्चारला नव्हता. उकंडालाही हसू आलं. त्यानं फिल्म पातळ कागदात गुंडाळून त्याच पेटीच्या तळाशी ठेवली.

पुढच्या पावसाळ्यात तिचा उजवा हात वर जाईना. विचारलं की म्हणे, लचकला. मग तिच्या चोळीवर डाग दिसला तेव्हा त्यानं हात धरून तिला खाली बसवलं. काखेजवळ गाठ होती, फुटलेली. नऊ महिने ती फडकी बदलत होती.

“सांगतलं काहून नाही?”

“कोणापुढं उघडी होऊ?” ती म्हणाली. “हात पाहूनच लोक मांगं सरतात. सारं आंग दाखवाले मले जमलं नसतं.”

संघर्ष यवतमाळला मोबाईलच्या दुकानात कामाला होता. त्यानं धावपळ केली, आईला तिथल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. छातीचा एक्स-रे निघाला. संघर्ष औषधाच्या रांगेत होता, म्हणून पाकीट उकंडाच्या हाती आलं. डॉक्टर यायचे होते. त्यानं फिल्म काढून खिडकीच्या उजेडाला धरली. हे धुतलेलं नव्हतं, मशीननं छापलेलं कोरडं चित्र होतं. पण छाती तीच, बरगड्या त्याच. दोन्ही फुप्फुसांत बोराएवढे पांढरे गोळे विखुरलेले होते. असे फोटो त्यानं आयुष्यात कितीतरी धुतले होते. दाराबाहेर काढून दिले की ते कुणाचे होते, पुढं काय झालं, हे त्याला कधी कळायचं नाही. पण हे गोळे दिसले की डॉक्टरसाहेबांचा आवाज बसायचा, तेवढं त्याला आतून ऐकू यायचं.

बाकड्यावरून पंचफुलानं विचारलं, “काय दिसते?”

“साफ हाय छाती.”

ती त्याच्याकडं पाहत राहिली. “फिल्म उलटी तं नाही धरली?” एवढंच म्हणाली आणि भिंतीला डोकं टेकवलं.

कार्तिकात ती गेली. शेवटचे पंधरा दिवस तिला घरी आणलं होतं. साधना पुसदहून येऊन राहिली होती. पंचफुला बोलायची थांबली तसं घरातलं बोलणंच थांबलं. उकंडा तिच्या हाताला तेल लावत बसायचा.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला फोटो पाहिजे होता. संघर्षनं लुगड्याच्या घडीतलं आधार कार्ड शोधलं, यवतमाळला नेलं आणि दारात लावायचं मोठं बॅनर आणि एक फ्रेम करून आणली. विहारातली माणसं जमली होती. उकंडा बाहेर आला आणि बॅनरसमोर थांबला. जांभळ्या लुगड्यातली एक बाई त्याच्याकडं पाहत होती. चेहरा एकसारखा गोरा, ओठ गुलाबी, कुठं एक डाग नाही.

“हे कोण होय?” त्याच्या तोंडून निघून गेलं.

संघर्ष गोरामोरा झाला. “साफ करून घेतलं बाबा, कॉम्प्युटरवर. आईले आवडलं असतं.”

पोराचे डोळे रडून सुजलेले होते. चार दिवस तो झोपला नव्हता. उकंडानं मान हलवली. आवडलंही असतं कदाचित, असं त्याला वाटलं. तो खाली बसला, सगळ्यांबरोबर त्रिशरण म्हटलं आणि त्या अनोळखी बाईला फूल वाहिलं. संध्याकाळी साधनानं विचारलं, “बाबा, आईचा दुसरा फोटो नाही का एखादा? खरा?” आत पेटीच्या तळाशी तो होता. उकंडा म्हणाला, “नाही.”

डबा त्यानं पुन्हा हातात घेतला नाही. उरलेली फिल्म दोन उन्हाळ्यांत खराब झाली.

तिसऱ्या वर्षी साधना एकटीच आली, सणवार काही नसताना. भर उन्हात लांब बाह्यांचा ब्लाऊज. चहा घेताना बाही वर सरकली तेव्हा उकंडाला तिच्या मनगटावर, बोटांच्या पेरांवर पांढरं दिसलं. तिनं कप खाली ठेवला.

“सहा महिने झाले. सासू विचारते, तुह्या आईले होतं का? म्या म्हटलं, नव्हतं, भाजलं होतं. म्हणे, मंग तुले कुठून आलं?” तिनं भिंतीवरच्या फ्रेमकडं पाहिलं. “हे पाहून पाहून मलेच वाटून राह्यलं का आईले नव्हतंच. तिचं तोंड आठवत नाही बाबा. हेच येते डोयापुढं.”

उकंडा उठला. मग आत गेला, पेटी ओढली आणि तळातला कागद काढून आणला. पेटीचा दिवा कधीचाच गेला होता. त्यानं फिल्म दाराच्या उजेडाला धरली. एक कोपरा तपकिरी पडला होता, गालाकडं सरकत होता.

साधनानं फिल्म हातात घेतली. ती काय आहे हे कळायला तिला वेळ लागला. मग कळलं.

“हे कधी काढलं?”

“डाळ निवडत होती तवा. कोणाले दाखवाचा नाही म्हणे.”

“अन हे काय सांडलं इथं?”

“पाणी कमी पडलं. नीट धुतली नाही म्या.”

ती ओठांभोवतीच्या काळ्या डागांवरून, फिल्मला न टेकवता, बोट फिरवत राहिली. “बाबा, आईले लय वाटत असन का? आतून?”

“माहीत नाही,” उकंडा म्हणाला. “म्या कधी पुसलंच नाही.”

ती रडली नाही. मोबाईलवर याचा सुलटा फोटो करता येतो म्हणाली, आणि मग आपणच म्हणाली, राहू द्या. तिनं फिल्म कागदात गुंडाळून परत दिली. चारच्या पुसदच्या गाडीत तो तिला बसवून द्यायला गेला. सासूला काय सांगशील, हे त्याला विचारायचं होतं. गाडी लागली, गर्दी चढली, तिला खिडकी मिळाली. कंडक्टरनं घंटी दिली तेव्हा साधनानं बाही बोटांपर्यंत ओढली आणि मगच हात हलवला.

घरी येऊन त्यानं थाळीत पाणी घेतलं. नळ त्या दिवशी आला होता. फिल्म पाण्यात सोडली, दर पाच मिनिटांनी पाणी बदललं. दिवेलागण होईपर्यंत तो ते करत होता. पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते. तपकिरी डाग गेला नाही. पुढं वाढणार नाही, असं त्याला वाटलं. पण खात्री नव्हती. त्यानं फिल्म चिमट्यानं दोरीला अडकवली आणि थेंब फरशीवर पडू दिले.